पोशाख हा पुरावा नव्हे

जिल्हाधिकारी असताना मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यांतले बहुतेक विसरलो. एक मात्र निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उत्तर भारतातील एका मध्यम आकाराच्या शहरात माझी नेमणूक होती. तेथील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांच्या एका रॉक बँडने नगरभवनात सायंकाळी तीन तासांचा कार्यक्रम करण्याची परवानगी मागितली होती. अर्ज नीट टंकलिखित होता, सभागृहाचे भाडे भरल्याची पावती जोडलेली होती. त्या अर्जावर आणखी दोन कागद चढले. पहिले होते नागरिकांच्या एका समितीचे निवेदन. त्यात या मुलांचे लांब केस, काळे सदरे आणि सदऱ्यांवरील कवट्यांची चित्रे यांचे तपशीलवार वर्णन करून हा सारा सैतानपूजेचा प्रकार असल्याचे म्हटले होते. दुसरा होता पोलिसांचा अहवाल. ‘शांतताभंगाची शक्यता नाकारता येत नाही’ हे प्रशासनातील सर्वपरिचित वाक्य त्यात होते. मी परवानगी नाकारली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला सतराएक वर्षांचा एक मुलगा भेटायला आला. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले, ‘सर, आम्ही काय केलं म्हणून तक्रार आहे?’ नस्ती माझ्यासमोरच होती. त्या मुलांनी काय केले याविषयी तिच्यात एक ओळही नव्हती. ते कसे दिसतात, एवढेच तिच्यात होते.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात १० ते १९ या वयोगटातील सुमारे २५ कोटी मुलेमुली होती. त्यांच्यातील एक लहानसा गट प्रत्येक पिढीत प्रचलित चित्रपटसंगीताच्या बाहेर आपले सूर शोधतो. कधी तो हेवी मेटलकडे जातो, कधी पंककडे, कधी रॅपकडे. शिलाँगचा रॉक, बंगळूर आणि कोलकात्यातील मेटल, धारावीतील रॅप ही याच शोधाची भारतीय रूपे आहेत. या संगीताबरोबर पोशाख, केशरचना, चिन्हे आणि मैत्रीचे एक जग येते. समाजशास्त्रज्ञ त्याला उपसंस्कृती म्हणतात. घरातील वडीलधारी मंडळी त्याला ‘बिघडणे’ म्हणतात, आणि शासनाच्या नस्तीत ते ‘संशयास्पद’ या सदरात जाते. या मुलांविषयी तीन समज पक्के रुजलेले आहेत: ती हिंसक असतात, ती धर्म आणि संस्कृती यांपासून तुटलेली असतात, आणि हे संगीतच त्यांना नैराश्याकडे नेते. तिन्ही समज तपासून पाहण्याची गरज आहे, कारण त्यांवर आधारलेले निर्णय खऱ्या मुलांच्या आयुष्यावर लादले जातात.

श्रीनगरचे उदाहरण अद्याप फार जुने झालेले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये तेथे भरलेल्या बँडच्या स्पर्धेत दहावीत शिकणाऱ्या तीन मुलींचा ‘प्रगाश’ हा बँड रंगमंचावर आला. नावाचा अर्थ प्रकाश. गिटार, बास आणि ड्रम या तिघींनीच वाजवले आणि उत्कृष्ट सादरीकरणाचे पारितोषिक मिळवले. त्यानंतर समाजमाध्यमांवर त्यांना शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्यातील मुख्य मुफ्तींनी मुलींचे असे गाणेबजावणे धर्मबाह्य ठरवले. तत्कालीन मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी मुलींची बाजू घेतली, पोलिसांनी धमक्या देणाऱ्यांवर गुन्हा नोंदवून काहींना अटकही केली. तोवर मुलींनी बँड सोडला होता.

या प्रकरणातील एक कायदेशीर बाब नजरेआड होऊ नये. धमकावणाऱ्यांवर जी कलमे लावली गेली त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ होते. त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, महाराष्ट्रातील पालघर येथे फेसबुकवरील एका साध्या नोंदीसाठी दोन तरुणींना ज्या प्रकरणात अटक झाली, त्यातही हेच कलम चर्चेच्या केंद्रस्थानी होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एकाच संदिग्ध कलमाने एकीकडे तरुणींना कोठडी दाखवली आणि दुसरीकडे मुलींना संरक्षण देण्याचा प्रयत्न केला. कायद्याची व्याख्या सैल असली की तो कोणाच्या बाजूने उभा राहील हे त्या क्षणीच्या लोकमतावर ठरते. लोकमत तर बहुधा विचित्र दिसणाऱ्या मुलांच्या विरोधातच असते.

आता पहिला समज, हिंसेचा. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा जीव घेतला. काही तासांतच वृत्तवाहिन्यांवर काळ्या पोशाखातील ‘गॉथ’ मुलांविषयी आणि मॅरिलिन मॅन्सन या गायकाविषयी बोलले जाऊ लागले. मॅन्सनला आपल्या दौऱ्यातील उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. पुढे सविस्तर तपासात दिसले की मारेकरी ना त्या गायकाचे चाहते होते, ना गॉथ गटाचे सदस्य. पण खुलासा येईपर्यंत त्या देशातील असंख्य शाळांत काळे कपडे घालणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहण्याची सवय लागून गेली होती.

याहून गंभीर घटना त्याआधी आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे घडली होती. मे १९९३ मध्ये तेथे आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली. संशय १६ ते १८ वयाच्या तीन तरुणांवर गेला. त्यांच्यापैकी एकाचा काळा पोशाख, मेटालिका या बँडची आवड आणि भयकथांचे वाचन या गोष्टी अभियोग पक्षाने सैतानपूजेचा सिद्धान्त उभारण्यासाठी न्यायालयात मांडल्या. १९९४ मध्ये तिघांनाही दोषी ठरवण्यात आले. एकाला मृत्युदंड, दोघांना जन्मठेप. पुढे झालेल्या डीएनए चाचण्यांत घटनास्थळावरील नमुन्यांशी तिघांचाही संबंध जुळला नाही. १८ वर्षे तुरुंगात काढल्यावर ऑगस्ट २०११ मध्ये ते बाहेर आले, तेही निर्दोषत्वाचा दावा कायम ठेवून, पण कागदोपत्री दोष स्वीकारण्याच्या एका विचित्र तडजोडीनंतर. ज्याला मृत्युदंड झाला होता, त्याचे वय अटकेच्या वेळी १८ होते. समजाला पुराव्याचे स्थान मिळाले की काय होते, हे या खटल्याइतके स्पष्टपणे फार थोडी प्रकरणे सांगतात.

याचा अर्थ या संगीताच्या जगात गुन्हे घडलेच नाहीत असा नव्हे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील ब्लॅक मेटल गटांतील काही तरुणांनी जुनी लाकडी चर्च जाळली, खूनही केले. तेथील न्यायव्यवस्थेने जाळपोळ आणि खून या कृत्यांसाठी त्यांना शिक्षा दिली. संगीतावर मात्र बंदी घातली नाही. त्या काळात चर्च जळताना पाहिलेल्या समाजाने कृत्य आणि अभिरुची यांतला हा भेद सांभाळला. ज्या शहरात एक काचही फुटली नव्हती, तेथे तो मला सांभाळता आला नव्हता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याहून रस वाटतो तो घबराटीच्या स्वरूपात. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधील क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी ‘मॉड’ आणि ‘रॉकर’ या तरुणांच्या गटांत किरकोळ हाणामाऱ्या झाल्या. वृत्तपत्रांनी त्यांना युद्धाचे रूप दिले. या प्रसंगांचा अभ्यास करून स्टॅनली कोएन यांनी १९७२ साली दाखवून दिले की समाज आपली अस्वस्थता एखाद्या ठळक दिसणाऱ्या गटावर लादतो, माध्यमे ती फुगवतात, मग शासन कठोर कारवाई करते, आणि त्या कारवाईमुळे तो गट खरोखरच धोकादायक होता असे सर्वांना वाटू लागते.

हे केवळ परदेशात घडते असे समजण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण केसकर हे विद्वान, संगीतज्ञ आणि निष्ठावंत गृहस्थ होते. चित्रपटगीतांनी तरुणांची अभिरुची भ्रष्ट होते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. त्यांच्या कारकिर्दीत, १९५२ पासून, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली, आणि बिनाका गीतमाला घराघरात पोहोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून शासनाला आपल्याच श्रोत्यांची समजूत काढावी लागली. त्याआधी १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमलाही बंदी होती. हे वाद्य परके आणि भारतीय स्वरांना मारक मानले गेले होते. ती बंदी शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. ज्या पेटीवाचून आज आपले कीर्तन, भजन किंवा नाट्यसंगीत सुचत नाही, ती एकेकाळी शासनाच्या दृष्टीने संस्कृतीला धोका होती. आजच्या इलेक्ट्रिक गिटारविषयी निर्णय देण्यापूर्वी एवढे स्मरण पुरेसे आहे.

येथेच दुसऱ्या समजाचे उत्तर दडलेले आहे. हे संगीत परके आहे, ते धर्मापासून आणि मातीपासून मुलांना तोडते, असे म्हटले जाते. हा समज घेऊन ईशान्य भारतात गेलेल्या माणसाचा गोंधळ उडतो. तेथील अनेक गिटारवादकांनी सुरांचे पहिले धडे चर्चमधील समूहगायनात गिरवले आहेत. शिलाँगमध्ये लू माजॉ हे ज्येष्ठ गायक १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करत आले आहेत. आता आजोबा झालेले त्यांचे पहिले श्रोते नातवंडांना घेऊन येतात. नागालँडमध्ये तर शासनानेच संगीताला धोरणाचा विषय केले. तेथील हॉर्नबिल महोत्सव २००० साली सुरू झाला. किसामा या वारसा-ग्रामात दिवसा पारंपरिक नृत्ये होतात, आणि महोत्सवाला रॉक स्पर्धेचीही जोड मिळाली. दशकानुदशके सशस्त्र संघर्ष आणि विशेषाधिकार कायदा अनुभवलेल्या राज्याला तरुणाच्या हातातील गिटारची भीती वाटली नाही. बंदुकीऐवजी गिटार हाती असणे ही आपल्या यशाची खूण आहे, हे तेथील राज्यकर्त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग भीती कोणी कोणाची बाळगावी? प्रत्यक्ष घटना पाहिल्या तर वेगळे दिसणारे तरुण हे बहुधा हिंसेचे कर्ते नसून लक्ष्य असतात. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडमधील बेकप या गावच्या उद्यानात सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांच्यावर किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने हल्ला केला. कारण एकच: ती दोघे गॉथ पोशाखात होती. सोफी वाचली नाही. त्यानंतर २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करण्यास सुरुवात केली.

त्यानंतर एक वर्षही उलटले नव्हते, तोच दिल्लीत निडो तानिया या अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थ्याचा बळी गेला. २९ जानेवारी २०१४ रोजी लाजपतनगर येथील दुकानात त्याच्या चेहऱ्याची आणि रंगवलेल्या केसांची टिंगल झाली, त्यावरून मारहाण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. या हत्येच्या मुळाशी वंशद्वेष होता, हे निर्विवाद. तरीही टिंगलीची सुरुवात केसांवरून झाली, हे विसरता कामा नये. आपल्या शहरांत वेगळी केशरचना ही जणू चेष्टेची परवानगी असते, आणि चेष्टा कोठे थांबेल हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते. या घटनेनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी कायद्यात स्वतंत्र तरतुदी सुचवल्या. पोलीस ठाण्यातील हवालदाराने रंगीत केसांच्या तक्रारदाराला प्रथम ‘तू असा का दिसतोस’ हे विचारू नये, एवढी किमान सुधारणा मात्र कोणत्याही दुरुस्तीवाचून होऊ शकते.

तिसरा समज सर्वांत जपून हाताळण्याचा आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. ब्रिस्टल परिसरातील ३,६९४ मुलामुलींचा दीर्घकाळ अभ्यास करून २०१५ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. वयाच्या १५ व्या वर्षी ज्यांनी स्वतःला ठामपणे गॉथ म्हटले होते, त्यांच्यात १८ व्या वर्षी नैराश्याचे प्रमाण सुमारे १८ टक्के आढळले. ज्यांचा या गटाशी काहीच संबंध नव्हता, त्यांच्यात ते सुमारे ६ टक्के होते. स्वतःला इजा करून घेण्याच्या बाबतीतही असाच मोठा फरक होता. हे आकडे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि संशोधकांनी स्वतःच बजावले की यावरून संगीत किंवा पोशाख नैराश्याचे कारण ठरत नाही. एकाकी पडलेली, शाळेत छळली गेलेली, मनाने हळवी मुले अशा गटांकडे अधिक ओढली जातात, कारण तेथे त्यांना कोणी हसत नाही. रुग्णालयात आजारी माणसे जास्त दिसतात म्हणून रुग्णालय आजाराचे कारण आहे असा निष्कर्ष आपण काढत नाही. काळा सदरा हे कित्येकदा दुःखाचे कारण नसून ते बोलून दाखवण्याची एकमेव वाट असते. पालकांनी तो सदरा हिसकावून घेतला तर दुःख जात नाही; फक्त ते दिसेनासे होते, आणि त्याबरोबर ते वाटून घेणारे मित्रही जातात.

आपल्या देशातील चित्र याहूनही बोलके आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. कोटासारख्या शहरांतून वर्षानुवर्षे ज्या बातम्या येतात, त्यांतील मुले कशी दिसत होती? नीटनेटके केस, शिकवणीवर्गाचा गणवेश, पाठीवर पुस्तकांचे ओझे. त्यांच्याकडे पाहून कोणाही नागरिक समितीने निवेदन दिले नाही, कारण ती अगदी आपल्याला हवी तशी दिसत होती. बाह्य रूपावर पहारा ठेवणाऱ्या समाजाची ही सर्वांत मोठी किंमत आहे: जे मूल वेगळे दिसते त्याला आपण विनाकारण छळतो, आणि जे वेगळे दिसत नाही त्याचे दुःख आपल्या लक्षातच येत नाही.

धोरणाच्या पातळीवर यातून काय निघते? कार्यक्रमांच्या परवानगीचे निकष कृतीशी बांधलेले हवेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई करतात, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र ठरवण्याची सोय देतात. गर्दीची मर्यादा, बाहेर पडण्याचे मार्ग, अग्निसुरक्षा, अमली पदार्थांविरुद्धची दक्षता हे सारे तपासण्याचा अधिकार प्रशासनाला आहे आणि तो त्याने काटेकोरपणे वापरावा. तो लग्नाच्या वरातीला, राजकीय सभेला आणि रॉकच्या कार्यक्रमाला सारखाच लागू व्हावा. परवानगी नाकारायची तर अर्जदारांच्या कोणत्या कृत्यामुळे, हे आदेशात लिहिणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. ती ओळ लिहिता येत नसेल, तर आदेशही लिहिता येऊ नये. त्या दिवशी असा नियम असता, तर माझे पेन थांबले असते.

शाळांची जबाबदारी निराळी आहे. गणवेशाचा आग्रह धरण्याचा शाळेला अधिकार आहे. पण मुलाच्या वहीवरील बँडचे चिन्ह पाहून त्याला ‘वाया गेलेला’ ठरवण्याचा नाही. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा एक प्रमुख विषय आहे, आणि समवयस्क मुलांमार्फत मुलांपर्यंत पोहोचण्याची कल्पना त्यातच आहे. ही कल्पना कागदावरून वर्गात आणायची असेल, तर समुपदेशकाने पहिला प्रश्न ‘हे असले का ऐकतोस?’ असा न विचारता ‘मलाही ऐकवशील का?’ असा विचारावा. नैराश्यातील मुलापर्यंत जाण्याचे दार पुष्कळदा त्याच्या आवडत्या गाण्यातूनच उघडते.

पालकांचा प्रश्न सर्वांत नाजूक. मुलगा दार लावून तासन्‌तास कर्कश वाटणारे संगीत ऐकतो तेव्हा काळजी वाटणे स्वाभाविक आहे. काळजीने पाहावे ते झोप, भूक, अभ्यास, मित्रांशी असलेले संबंध, अंगावरील जखमा आणि बोलण्यात डोकावणारी निराशा यांकडे. यांत बदल दिसला तर डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब नको. मग सदरा काळा असो की पांढरा. यांत बदल नसेल, तर लांब केस हे फक्त लांब केस असतात.

त्या मुलाच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ‘वरून आदेश आहेत’ असे काहीतरी पुटपुटलो. तसे कोणतेही आदेश नव्हते. तो नमस्कार करून गेला. त्याचा बँड पुढे कधी वाजला की नाही, हे मला कळले नाही. आज एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या तरुण अधिकाऱ्याच्या मेजावर असाच अर्ज पडून असेल, आणि त्यावर तसेच निवेदन चढलेले असेल. सही करण्यापूर्वी त्याने एकदा नस्ती उलटून पाहावी आणि त्या मुलांनी काय केले आहे, याची ओळ शोधावी. ती सापडली नाही, तर नगरभवनाची किल्ली त्यांच्या हाती द्यावी.